तांबडी नदीचे साक्षीदार

तांबडी नदीतल्या मैल्याच्या जंतूंनी नमुन्यात यायचं एकमताने बंद केलं, आणि खरवंड्याच्या पाणी-तपासणी प्रयोगशाळेत सुलभाताई गोडांब्यांच्या डोक्याला ताप झाला. नदी होती तशीच होती. नव्या नळाच्या पंपाच्या वरच्या अंगाला गावाचं गटार धो धो पडत होतं, वास पुलापर्यंत येत होता. पण गाळणकागदावर पाणी गाळून तो कागद ताटलीत रात्रभर उबेत ठेवला की सकाळी जे निळे ठिपके उठायचे, ते काही उठेनात. ठिपके नाहीत म्हणजे मैला नाही, आणि मैला नाही म्हणजे नदी स्वच्छ. नियमच तसा आहे.

प्रयोगशाळेचे डिंगणकर साहेब खुशीत होते. "शून्य लिहा, बाई. गुरुवारी नवा नळ सुरू करायचाय, नगरपरिषद डोक्यावर बसलीय."

"शून्य कसलं डोंबलाचं, साहेब! नाक आहे ना तुम्हाला?"

"नाकाचा रकाना नाही," साहेब शांतपणे म्हणाले.

ताईंचा नुसता जळफळाट झाला. नव्या नळावरचं पहिलं घर त्यांचंच. घरात बाळंतपणाला आलेली लेक, आणि अजून बारसंही न झालेली नात. हे पाणी त्या पोरीच्या पोटात गेलं तर काय होईल, ते ताईंना कुणी सांगायला नको होतं.

बुधवारी ताटलीवर एकच ठिपका उठला. तो मोजायचा नव्हता, बोलणी करायला आला होता.

"बोला, काय म्हणणं आहे तुमचं?" ताईंनी स्टूल ओढलं.

"साक्षीला बोलावता, साक्ष घेता, आणि मग वाफेच्या भांड्यात घालून मारता," ठिपका म्हणाला. "साक्षीदाराला असं कुठल्या कोर्टात वागवतात?"

"अरे बाबा, ताटली तशीच कचऱ्यात टाकता येत नाही."

"राहू दे. आम्हाला घरी जायचंय. नळ सुटला की जो तो आपापल्या घरी जाईल. म्हणून तर गप्प आहोत."

"मग घर सोडलंत कशाला?"

"आम्ही कुठे सोडलं? संडासाची साखळी तुम्ही ओढलीत."

ताई आणखीच भडकल्या. "मेल्यांनो, माझ्या घरात तान्हं लेकरू आहे! तुम्ही एकटे थोडेच येणार? तुमच्या मागनं हगवण येईल, कावीळ येईल!"

"वाटेत कोण सोबत होतं, ते आमच्या हातात नाही," ठिपका म्हणाला. "आमच्यात तुमच्या घरचेही पुष्कळ आहेत. नात झाल्याचं त्यांना कळलंय. भेटायला उतावीळ झालेत."

"मग त्यांनाच विचार जा! घर पाहिजे की नात पाहिजे?"

"विचारून सांगतो," ठिपका म्हणाला. ताईंनी संध्याकाळी नदीवर जाऊन पुन्हा बाटली भरून आणली, आणि नशिबाला बोल लावत ताटली उबेत ठेवली.

गुरुवारी सकाळी ताटली निळ्या ठिपक्यांनी गच्च भरली होती. सगळे गोडांब्यांकडचे. बाकीच्यांनी संप सोडला नव्हता, पण एवढे पुरेसे होते. साहेबांनी भिंगातून स्वतः मोजले, सुस्कारा सोडला आणि नगरपरिषदेला फोन करून नळ थांबवला. उद्घाटनाचा मंडप उतरवायला लागला, म्हणून फोनवर पलीकडचे बराच वेळ ओरडत होते.

"चला बाई, भांड्यात घाला आता."

"साहेब," ताई म्हणाल्या, "घरची आहेत हो ही."

साहेबांनी चष्मा काढला. "मग जवळचं नातं असल्यामुळे ते काम तुम्हाला देता येणार नाही." त्यांनी ताटली दोन्ही हातांनी उचलून भांड्यात ठेवली, झाकण आवळलं आणि वाफ धरेपर्यंत तिथेच उभे राहिले. मग म्हणाले, "सुतक किती धरता तुमच्यात?"

"दहा दिवस."

"तेवढी रजा टाका. पुढचा नमुना मी घेतो. साक्षीदार मिळाला तर."

ताई घरी आल्या त्या दारातच थांबल्या. लेक बाळाला घेऊन पुढे आली, तशा खेकसल्या, "आत ने तिला! आणि टँकरच्या पाण्याची बादली इथंच आण. अंघोळ केल्याशिवाय मला आत यायचं नाही."

"अगं बाई! कोण गेलं?"

"आपल्याच घरचे," ताई पदरानं डोळे पुसत म्हणाल्या. "बारसं आता पुढं ढकलायला लागेल."