आधी घोट, मग बोट

आमच्या हजेरी शेडवर उन्हाळ्यात सकाळी सहाची हजेरी लावायची असेल, तर आधी गराडे मुकादमांसमोर पेलाभर पाणी प्यावं लागतं. सबंध पेला, त्यांच्या डोळ्यांदेखत. मगच मशीनवर ठेवलेला त्यांचा हात बाजूला होतो आणि तुम्हाला अंगठा लावता येतो. "आधी घोट, मग बोट," हे त्यांचं वाक्य. तहान नाही म्हणून चालत नाही. आत्ताच चहा झाला म्हणून तर मुळीच चालत नाही, कारण चहाला ते पाणी मानत नाहीत.

मी निगडीच्या बाजूला पालिकेच्या एका कार्यालयात लिपिक आहे. 'उन्हाळ्यात कर्मचाऱ्यांनी घ्यावयाची काळजी' हे परिपत्रक दरवर्षी मीच काढते. मजकूर माझा, सही साहेबांची. टोपी घालावी, सुती कपडे वापरावेत, दर वीस मिनिटांनी पाणी प्यावे. हे कुणी वाचत नाही हे मला ठाऊक आहे. मीसुद्धा वाचत नाही, नुसती वरची तारीख बदलते. गराडे तेवढे वाचतात. कागदाची चौघडी खिशातून काढून माझ्या टेबलावर उलगडतात आणि विचारतात, "मॅडम, दर वीस मिन्टांनी म्हंजे किती? घोट का पेला? लिवल्यालं न्हाई."

"तुम्हाला काय वाटतं ते प्या," मी म्हणते.

"मला वाटून काय उपेग? कागदावर पायजे."

उंच, काटकुळा माणूस. बसणं म्हणून त्यांना जमत नाही. खुर्ची पुढे केली तर तिची पाठ धरून उभे राहतात, दोन वाक्यं बोलतात, खिडकीशी जाऊन सावली कुठवर सरकली ते बघतात, परत येतात, पुन्हा जातात. ते आले की पंख्याखाली बसूनही मला उकडायला लागतं. एकदा आढावा बैठकीत सगळे नालेसफाईवर तावातावाने बोलत होते. मागून आवाज आला, "साहेब, तुमची बाटली सकाळधरनं भरल्यालीच हाय." साहेबांनी मुकाट्याने झाकण उघडलं. कचऱ्याची तक्रार घेऊन भांडायला आलेल्या एका गृहस्थांना त्यांनी आधी पेला दिला आणि तो संपेपर्यंत तक्रारीचा एक शब्द ऐकून घेतला नाही. पाणी पिऊन झाल्यावर त्या गृहस्थांचा आवाज निम्म्यावर आला होता.

त्यांच्या हाताखाली झाडकाम करणाऱ्या तेवीस बायका. दोन वर्षांपूर्वी मुकादमांच्या लक्षात आलं, की काहीजणी पाणी तोंडात धरून अंगठा लावतात आणि शेडमागे जाऊन थुंकतात. माणूस इतका दुखावला की दिवसभर कुणाशी बोलला नाही. दुसऱ्या दिवशी नवा नियम आला. पाणी प्यायल्यावर आपलं पूर्ण नाव मोठ्यानं सांगायचं. तोंडात पाणी असेल तर नाव कसं निघणार? पण नाव घ्या म्हटल्यावर बायका थोड्याच गप्प बसतात. परभणीकडच्या कांताबाईंनी पेला रिकामा केला, पदर डोक्यावर घेतला आणि म्हणाल्या, "पितळेचा नाही, चांदीचा नाही, स्टीलचा हा पेला, दत्तूरावांचं नाव घेते, उशीर किती झाला." तेव्हापासून सहाच्या हजेरीला शेडवर रोज तेवीस उखाणे. शेजारच्या सोसायटीने लेखी तक्रार केली. ती माझ्याकडेच आली आणि मी ती खालच्या कप्प्यात ठेवली.

यंदाच्या एप्रिलमध्ये कांताबाई रस्त्यात पडल्या. अकराचा सुमार होता. त्यांच्याकडे एमआयडीसीचा लांबलचक रस्ता आहे, दोन्हीकडे कंपन्यांच्या भिंती, झाड म्हणाल तर एकही नाही. कागदपत्रं घेऊन मला दवाखान्यात पाठवलं. त्यांना सलाईन लावलेलं होतं आणि गराडे पलंगाभोवती गिरक्या घालत होते. नर्सने दोनदा बाहेर काढलं, दोनदा परत आले.

"माझ्या म्होरं पेला पिला व्हता. नाव बी घेतलं व्हतं," ते मला सांगत होते, जणू त्यांच्यावरच आरोप होता.

"तेवढाच पिले. मग नाही," कांताबाई म्हणाल्या.

"बाटली दिलीया ना? भरल्यालीच घावली."

"भरलेलीच राहती, मुकादम." हे म्हणताना त्या माझ्याकडे बघत होत्या. "पिऊन जावं कुठं? सहापासून दोनपर्यंत त्याच रस्त्यावर. गडीमाणूस भिंतीकडं तोंड करून मोकळा होतो. आम्ही काय करावं?"

गराडे थांबले. इतक्या वर्षांत त्यांना असं जागच्या जागी उभं राहिलेलं मी पाहिलं नव्हतं.

"समद्याच?"

"सगळ्याच. शेडमागं काय उगाच थुंकत होतो का?"

"मला का न्हाई सांगितलं?"

"तुम्हाला कसं सांगावं?"

बाहेर आल्यावर ते जिन्यापाशी मला म्हणाले, "म्हंजे मॅडम, मी त्यास्नी पानी पाजून आठ तास कोंडून ठिवत व्हतो."

त्यांना कळलं नव्हतं, ते पुरुष होते. मी तर बाई आहे. माझ्या टेबलापासून लेडीज टॉयलेट बारा पावलांवर आहे, आणि माझ्या परिपत्रकात 'पाणी' हा शब्द पाच वेळा येतो. ते पिऊन झाल्यावर काय, याबद्दल एक ओळ नाही. मला स्वतःचीच चीड आली. मी रस्त्यावरच्या बायकांसाठी टॉयलेटच्या सोयीचा प्रस्ताव टाइप केला आणि वर पाठवला. तो मंजूर व्हायला पावसाळा उजाडणार हेही मला माहीत होतं.

गराड्यांना दुसरा दिवस उजाडेपर्यंतसुद्धा धीर नव्हता. त्याच संध्याकाळी ते प्राधिकरणातल्या बंगल्यांच्या बेल वाजवायला लागले. तिथे बऱ्याच बंगल्यांना मागच्या अंगाला एक बाहेरचं टॉयलेट असतं. पण हे सांगायचं कसं, तेच त्यांना उमगेना. "जरा टॉयलेटचं काम व्हतं," अशी सुरुवात केली की लोक म्हणायचे, "या ना, आतलंच वापरा." एका निवृत्त प्राध्यापकांनी तर हाताला धरून आत नेलं. गराडे संकोचून आत गेले, दोन मिनिटं नुसते उभे राहिले आणि आभार मानून बाहेर पडले. मुद्दा सांगायचा राहूनच गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले तेव्हा प्राध्यापकांनी विचारलं, "तुम्ही डॉक्टरांना दाखवलंत का?"

एका बाईंनी होकार दिला, पण सोमवार सोडून. एकांनी अर्ज मागितला. एकांचा कुत्रा तयार नव्हता. तरी पंधरा दिवसांत त्यांनी चार दारं मिळवली आणि कुठल्या गल्लीतल्या बाईने कुठे जायचं हे एकेकीला स्वतः नेऊन दाखवलं.

राहिला कांताबाईंचा रस्ता. तिथे बंगले नाहीत. कंपनीच्या गेटवरचा गार्ड म्हणाला, "अंदर है, लेकिन पास लगेगा." पास कंपनीतल्यांनाच मिळतो. त्याच रस्त्यावरून कांताबाई आणि आणखी तिघी रोज भरलेल्या बाटल्या परत आणत होत्या. रोज दोन वाजता गराडे त्या बाटल्या उजेडाकडे धरून बघायचे आणि खाली ठेवायचे. त्यांचं जेवण कमी झालं होतं. ऊन तर रोज वाढतच होतं.

मग मे महिन्यात एकदा मला त्यांची सही हवी होती. साडेअकराच्या सुट्टीत शेडवर गेले तर कळलं, मुकादम घरी गेलेत. रोजच जातात. मी चिडले. ड्युटीवर असताना घरी? तशीच स्कूटर काढून गेले.

त्यांचं घर तो एमआयडीसीचा रस्ता जिथे संपतो तिथे, जुन्या गावठाणाच्या तोंडाशी आहे. जमीन कंपन्यांत गेली, त्या पैशात बांधलेलं बैठं घर. मुलगा-सून चाकणला, दोघांच्या शिफ्ट, म्हणून नातू सांभाळायला बायको पाच वर्षं तिकडेच आहे. सणासुदीला येते. हे मला शेडवरच्यांनी जाताना सांगितलं. त्यांनी स्वतः कधीच सांगितलं नव्हतं.

गराडे घरात नव्हते. रस्त्याच्या पलीकडे, टळटळीत उन्हात, एका विजेच्या खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत येरझारा घालत होते.

"काय हे? आत बसा की. तुमचंच घर आहे ना?"

"मी आत असलो की त्या यायच्या न्हाईत," ते म्हणाले आणि पुढच्या खांबाकडे चालू लागले.

मी आत गेले. पुढच्या पडवीत कांताबाई आणि तिघी डबे सोडून बसल्या होत्या, कशावरून तरी खिदळत होत्या. टॉयलेटच्या दाराला आतून नवी कडी होती. नवी बादली, साबण, खुंटीवर धुतलेला टॉवेल. बाहेर बेसिनवर एक आरसा, इतका खाली लावलेला की गराड्यांना त्यात स्वतःचं पोटच दिसलं असतं. शेजारी टिकल्यांची दोन पाकिटं. दुकानात उभं राहून ती मागताना या माणसाचं काय झालं असेल, या विचाराने मला हसू आलं आणि लगेच डोळ्यांत पाणी आलं.

बाहेर येऊन मी त्यांच्या शेजारी खांबाच्या काडीएवढ्या सावलीत उभी राहिले. त्यांनी सही केली. मग इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, "कांताबाई आज दोनदा आल्या. मी बघत न्हाई, मॅडम. माझी पाठ असती तिकडं. पन फाटक वाजतं, त्यावरनं कळतं."

फाटक खरोखरच भयंकर करकरत होतं. तेवढ्यात चौघीजणी बाहेर पडल्या आणि ते चार वेळा करकरलं.

"तेल घाला की त्याला," मी म्हटलं. "केवढं वाजतं."

"नको, वाजू द्या." त्यांनी टोपी काढून घाम पुसला. "पाच वरसं दिसातनं दोनदाच वाजायचं. दोन्ही बारीला मीच असायचो."