पर्यटकाला पाव्हणा म्हणायचं न्हाई

आमच्या गावात एस.टी.तून अनोळखी माणूस उतरला, की तो पर्यटक आहे असं सोपाननाना धरून चालतात. आपण पर्यटक नाही हे सिद्ध करायची जबाबदारी त्या माणसाची. आजवर ती कोणालाच नीट पार पाडता आलेली नाही, आणि त्यात मीही आलो.

मी इथल्या शाळेवर बदलून आलो तेव्हा फाट्यावर उतरताच सत्तरीच्या एका धोतरवाल्या गृहस्थाने माझ्या हातातली बॅग काढून घेतली.

"कुठून आले?"

"केदारखेड्याहून."

"म्हंजे भोकरदनकडून! लई लांबून आले. आधी बारव बघता का टाकी?"

"मी शिक्षक आहे. शाळेत हजर व्हायचंय."

"असू द्या की. शिक्षक लोक लई फिरतेत."

मुख्याध्यापक व्हरांड्यात माझी वाट पाहत होते. मी दोन तासांनी हजर झालो तो बारव पाहून, पाण्याची टाकी पाहून आणि नानांच्या घरी जेवून. टाकी तशी पाहण्यासारखी आहे. तिच्यात पाणी चढलेलं गावात अजून कोणी पाहिलेलं नाही. बारवेच्या, म्हणजे जुन्या विहिरीच्या, पायऱ्यांवर उन्हाळ्यात शेळ्या बसतात, कारण तिथं सावली असते. दोन्हींच्या शेजारी नानांनी पत्र्याच्या पाट्या ठोकल्या आहेत. वेशीवरच्या पाटीवर लिहिलंय, "गाव पाहण्याची वेळ : सकाळी ७ ते सायंकाळी ६." सहानंतर आम्ही कुठं जायचं, असं लोकांनी त्यांना विचारून झालं आहे.

हे खूळ त्यांच्या डोक्यात शिरलं ते तालुक्याच्या एका शिबिरात. सरपंचांना जायचा कंटाळा आला होता, म्हणून त्यांनी नानांना पाठवलं. तिथं एका साहेबांनी सांगितलं, की जगात असे कितीतरी गरीब देश आहेत जिथं ना कारखाने ना धड शेती. पण बाहेरचे लोक तो देश बघायला येतात. मग हॉटेलवाल्याला, रिक्षावाल्याला, नाव वल्हवणाऱ्याला, भाजीवालीला, सगळ्यांनाच चार पैसे मिळतात आणि देश वर येतो. नानांनी हात वर केला आणि विचारलं, "सायेब, समुद्र कंपल्सरी हाय का?" साहेब म्हणाले, नाही, तुमच्याकडं जे असेल ते दाखवा. नानांनी ते शब्दशः घेतलं. तेव्हापासून ते जे असेल ते दाखवतात. शिबिरातलं गळ्यात अडकवायचं कार्डही पाहुण्यांसमोर घालतात. त्यावर 'प्रशिक्षणार्थी' असं छापलंय, पण नानांच्या चेहऱ्यावरून ती तहसीलदाराच्या वरची जागा असावी असं वाटतं.

"माणूस उतरला की विकास उतरला," हे त्यांचं पेटंट वाक्य. आष्टीच्या बाजारात, मयतीच्या बैठकीत, न्हाव्याच्या खुर्चीत, कुठंही ते हे बोलतात. एकदा एक वायरमन थकलेल्या बिलांची कनेक्शनं तोडायला आला होता. नानांनी त्याला गंध लावलं, बारव दाखवली, जेवू घातलं आणि बाजेवर आडवं केलं. तो उठला तेव्हा शेवटच्या एस.टी.ची वेळ झालेली. गावाचे दिवे त्या महिन्यापुरते वाचले. पर्यटनातून ग्रामविकास होतो हे गावाला पटलं ते तेवढ्या एकाच वेळी.

मी नानांची भरपूर टिंगल केली आहे, ती लपवत नाही. शाळेत आम्ही दोनच शिक्षक. मधल्या सुट्टीत तोंडी लावायला नाना पुरत. त्यांच्याच शेजारी खोली घेऊन राहत असल्यामुळे ताजा माल रोज मिळायचा.

मागच्या हिवाळ्यात मात्र खरोखरच काहीतरी घडेल अशी चिन्हं दिसू लागली. जांब समर्थला पुण्याकडच्या लोकांना बसने दर्शनाला नेणारा एक टूरवाला नानांना फाट्यावरच्या टपरीवर भेटला. त्याच्या लोकांना वाटेत हुरडा खायचा होता, आणि नानांनी पर्यटनाच्या भरवशावर एकरभर हुरड्याची ज्वारी पेरून ठेवली होती. टूरवाला व्यवहारी माणूस. म्हणाला, येत्या रविवारी एक बस आणून बघतो. हुरडा, दुपारचं जेवण, आणि निघताना माणशी ठरलेले पैसे तुम्ही घ्यायचे. सगळं सुरळीत झालं तर हंगामभर दर रविवारी बस तुमच्या दारात, नाही झालं तर राम राम.

त्या आठवड्यात नाना जेवले तरी की नाही, शंका आहे. शुक्रवारी त्यांनी मारुतीच्या पारावर गाव जमवलं. कार्ड गळ्यात होतंच.

"एक गोष्ट बिलकुल ध्यानात ठिवा," ते म्हणाले. "आलेल्या मानसाला पाव्हणा म्हणायचं न्हाई. पर्यटक म्हणायचं."

"कामून?" कोणीतरी विचारलं.

"पाव्हण्याकडून पैसे घेता येत न्हाईत. पर्यटकाकडून येतेत."

अर्थशास्त्राचा याहून सोपा धडा मी ऐकलेला नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या.

रविवारी बस आली. सतरा माणसं उतरली. नानांच्या शेतात आगटी पेटलेली होती. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणसं भाजून, हातावर चोळून गरम हुरडा पुढ्यात पडू लागला; तिळाची चटणी, दही, गूळ, बोरं. गावकरी "पर्यटक, घ्या ना, पर्यटक, लाजू नका," असं पाठ केल्यासारखं म्हणत होते. तासभर पर्यटनशास्त्राला धक्का लागेल असं काहीही घडलं नाही.

मग सगळे जेवायला घरी आले, आणि नानांच्या बायकोने, म्हणजे गयाकाकूंनी, एका म्हाताऱ्या बाईंना भाकरी वाढता वाढता विचारलं, "म्हायेर कोंचं तुमचं?"

आमच्या भागात हा प्रश्न विचारल्याशिवाय बाईला बाईच्या हातचं पाणीही गोड लागत नाही. त्या बाई पुण्यात राहणाऱ्या, पण माहेर परतूरकडचं. काकूंच्या चुलत नणंदेचं सासर त्याच गावात. पुढच्या दोन मिनिटांत मधले चार धागे जुळले आणि काकू ओरडल्या, "अगं बया! मंग तुमी तर माझ्या नणंदच लागता की!"

झालं. आमच्या लोकांना नातं काढायला एक धागा पुरतो, इथं तर कासराच हाती लागला. गॉगल लावलेल्या एका तरुणाच्या बायकोचं आजोळ आमच्याच गावातलं निघालं, म्हणजे तो गावचा जावई. जावई मोकळ्या डोक्याने वेशीबाहेर गेला तर गावाची काय राहिली? दोन बाया पाटलांच्या भावकीतल्या निघाल्या. ज्यांचं काहीच निघेना त्यांना, "तुमी आमच्या पाव्हण्यांसंगं आले ना, मंग तुमीबी पाव्हणे," असं करून आत घेतलं. बसचा ड्रायव्हर तर आष्टीचा भाचा. किराणा दुकानातले सगळे टॉवेल आणि टोप्या, सगळे नारळ आणि खण तासाभरात संपले. पर्यटनाने त्या दिवशी कोणाचा विकास केला असेल तर तो त्या दुकानदाराचा.

बायांच्या ओट्या भरल्या गेल्या, पुरुषांना टोप्या चढल्या. निघताना त्या म्हाताऱ्या बाईंनी ठरलेले पैसे पुढे केले. नानांचा हात अर्ध्यात गेला आणि तिथंच थांबला.

"अव्हो," काकू मागून म्हणाल्या, "लेकीबाळींकडून जेवनाचे पैसे घेतेत का कुठं?"

नानांनी हात मागे घेतला. त्यानंतर बाकीच्या सोळा जणांकडून घेण्याचा प्रश्नच उरला नाही.

बस तीन तास उशिराने हलली. टूरवाला रागाने लाल झाला होता, डोक्यावर टोपी असल्यामुळे तो जास्तच उठून दिसत होता. "नाना, ह्याला पर्यटन म्हणत न्हाईत," तो म्हणाला. "हे लगीन झालं! उद्या हे सतरा जण दुसऱ्या ठिकाणी जेवनाचे पैसे देतील का मला? माझा धंदा बसंल. आता आपलं जमायचं न्हाई, राम राम." आणि तो गेला.

मला हसू आवरत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सांगायला केवढा मसाला मिळाला होता! संध्याकाळी, तोंडावर दुःख आणून, मी नानांचं सांत्वन करायला गेलो. ते अंगणात मोठी परात राखेने घासत बसले होते. काकू शेजारणीकडं नव्या नणंदेच्या गोष्टी सांगायला गेल्या होत्या.

"नाना, पैसे घ्यायला पाहिजे होते," मी म्हणालो. "एवढा खर्च झाला. धंदा हातचा गेला."

"पैशाला कोन रडून राह्यलं, सर?" ते परातीकडंच बघत होते. "आता मानसं येणार न्हाईत. ते बोला."

मी जवळच्या बाजेवर टेकलो.

"ह्या घरात आधी सोंगणीला पंधरा-पंधरा मानसं जेवायची. ही पहाटं उठून भाकरीची चळत लावायची. आता मशीन येतं, घंट्याभरात वावर मोकळं करून जातं. ते काय जेवतं? पोरं चाकणला. दिवाळीला येतेत, फोनमधी बघत जेवतेत अन् जातेत. चार वर्षं झाली, ही दिसाला दोन मानसांच्या भाकरी करून झाकून ठिवती. मला 'जेवा' म्हनती. दिवसभरात तेवढाच शब्द. मी पुष्कळ बोलून बघितलं. मंग तो वायरमन आल्ता बघा. तो जेवून गेला अन् ही सांज व्हईस्तोर बोलत बसली. तुमी आल्ते तव्हाबी. म्हने, त्या सरला ठेचा सोसला न्हाई, डोळ्यातून पानी आलं, पर लेकरानं टाकला न्हाई." त्यांनी परात उपडी केली. "मला वाटलं, आठवड्याला चार मानसं जरी उतरली, तर हिचं बरं चालंल."

मला माझी लाज वाटली. दोन वर्षं मी या माणसावर हसत होतो, आणि मी स्वतः त्याच्या बायकोसाठी आणलेलं औषध होतो.

मी फार काही केलं नाही. आमच्या केंद्रातल्या शिक्षकांची दर महिन्याला शिक्षण परिषद भरते, प्रत्येक वेळी वेगळ्या शाळेत, आणि ज्यांची शाळा त्यांनी जेवणाची सोय करायची असते. पुढची परिषद मी मागून आमच्याकडं घेतली. मुख्याध्यापकांना म्हणालो, आचारी नको, जेवण नानांकडं.

काकू पहाटेपासून चुलीपुढं होत्या. अकरा शिक्षक ओळीने पंगतीला बसले. वांग्याची भाजी आली, भाकरी आली, काकूंचा आवाज स्वयंपाकघर, ओसरी आणि अंगण असा एकाच वेळी सगळीकडं होता. मी पहिला घास घेतला आणि समजलो. भाजीत मीठच नव्हतं. इतक्या माणसांच्या आनंदात काकू विसरल्या होत्या. अकराही जणांना ते समजलं होतं, आणि अकराही जण खाली मान घालून जेवत होते.

नाना तांब्या घेऊन पाणी वाढत होते. काकूंनी त्यांना हटकलं, "अव्हो, तुमीबी बसा की. कव्हाचे उभे हायेत!"

नाना कडेला बसले. काकूंनी ताट वाढलं आणि आत जाता जाता थांबल्या. नवऱ्याकडं बघून म्हणाल्या, "भाजीत मीठ बराबर पडलंय का?"

नानांनी घास घेतला. काकूंकडं बघत तो चावून खाल्ला.

"बराबर हाय," ते म्हणाले. "आजून वाढ."