माणसाचं, पण माणसातून काढलेलं न्हाई

नांदेडच्या आमच्या प्रयोगशाळेत मी रुजू झाले, त्या दिवशी शेषेराव मामांनी माझं नाव विचारलं नाही. माझा तळहात वैद्यासारखा दाबून पाहिला आणि म्हणाले, "गरम हाय. बाहेर पंख्याखाली बसा, मॅडम." मी एम.एस्सी.ला पहिली आलेली, आणि हा प्रयोगशाळेचा मदतनीस मला उंबऱ्यावरूनच परत पाठवत होता!

कारण फ्रिजमध्ये होतं. माणसाचं कोलॅजन, म्हणजे आपली कातडी घट्ट धरून ठेवणारं प्रोटीन. त्यावर पेशी वाढवून भाजलेल्या माणसासाठी त्वचा करता येते का, हे आम्ही तपासत होतो. गार असलं की ते पाण्यासारखं पातळ राहतं. ऊब लागली की जागीच थिजतं आणि वाया जातं. त्यामुळे गरम हाताच्या माणसाला मामांकडे प्रवेश नव्हता. मे महिन्यात तर आमचं सदतीस अंशांचं इन्क्युबेटरही खोलीपेक्षा गार असायचं. मामा त्याला टेकून डबा खायचे.

दूधवाला येवो की कुलगुरू, मामांचं व्याख्यान ठरलेलं. "माणसाचं हाय, पण माणसातून काढलेलं न्हाई. माणसाची कृती खमिराला शिकिवली, त्यानं बनिवलं." खमीर म्हणजे यीस्ट; त्यात माणसाचं जनुक घालून हे प्रोटीन करवून घेतलेलं. कुलगुरूंनी मधेच "आलं लक्षात" म्हटलं, तर मामांनी पहिल्यापासून सुरू केलं. मोघम किंवा खोटं त्यांना खपायचंच नाही. माझ्या रजेच्या अर्जात 'प्रकृती अस्वस्थ' वाचून म्हणाले, "मावसबहिणीचं लगीन हाय म्हनून लिवा की."

मागच्या उन्हाळ्यात कंपनीकडे उरलेली कोलॅजनची शेवटची कुपी कुरिअरवाल्यानं नांदेडऐवजी लातूरला टाकली. इकडे पेशी तयार होत्या, नवी कुपी यायला महिना लागला असता. ही थिजली तर दोन वर्षांचं काम पाण्यात. मी आणि मामा लातूरला धावलो. डब्यातला बर्फ निम्मा वितळला होता. मामांनी एका कुल्फीवाल्याला हेच व्याख्यान ऐकवून त्याच्याकडून बर्फ मिळवला आणि आम्ही नांदेडची बस धरली.

डबा मांडीवर, त्यावर ओला टॉवेल आणि खिडकीतलं ऊन अडवायला बसमध्येच उघडलेली छत्री. शेजारच्या म्हातारीला राहवेना.

"काय हाय वो डब्यात?"

"माणसाचं हाय," मामांनी सुरुवात केली, "पण..."

पुढचं कुणी ऐकलंच नाही. "किडनी हाय, किडनी!" मागून आवाज आला. मामा उभे राहून ओरडले, "किडनी न्हाई! खमीर! खमीर!" पण किडनी तोवर ड्रायव्हरपर्यंत पोचली होती.

म्हातारीनं मामांना हाताला धरून खाली बसवलं. "कोन्या लेकराला लावायचं हाय, बाबा?"

आता हिला सगळं व्याख्यान मिळणार, म्हणून मी हसू दाबून बसले. मामांनी डब्यावरचा टॉवेल नीट केला.

"माझ्या पोरीला," ते म्हणाले.

मी चाटच पडले. मामा एकटे राहतात, हे सगळ्या विभागाला ठाऊक. म्हातारीनं डब्याला नमस्कार केला आणि बस जी सुटली! अहमदपूरला गाडी स्टँडात शिरलीच नाही. लोह्याला उतरणारे दोघं म्हणाले, "आम्ही नांदेडहून माघारी येतो, तुम्ही हाना गाडी." कुणी आपल्या बाटलीतलं गार पाणी टॉवेलवर शिंपडलं. मामांनी कुणाचीच चूक दुरुस्त केली नाही.

कुपी फ्रिजमध्ये ठेवली तेव्हा ती पातळच होती. मी आनंदात म्हटलं, "मामा, तुम्ही आणि चक्क खोटं?"

"खोटं न्हाई," मामा म्हणाले. "पोरगी व्हती मला. आठ वर्साची. स्टोव्ह भडकला. पंधरा दिस दवाखान्यात काढले. डॉक्टर म्हनले, लावायला कातडीच उरली न्हाई."

इतके दिवस त्यांच्या व्याख्यानाला हसले, त्याची मला लाज वाटली. मी त्यांना खुर्ची दिली. ते बसले नाहीत.

"सगळी गाडी तिच्यासाठी पळत व्हती, मॅडम," ते म्हणाले. "नांदेड येईस्तोवर मलाबी वाटलं, येळंवर पोचू."