कलत्या मडक्याची बखर

श्री जलदेवता साक्षी. शके एकोणीसशे पंचेचाळीस, शोभन नाम संवत्सर, वैशाख मास, ते समयी एका राज्यात जे वर्तमान घडले ते जसे पाहिले तैसे लिहिले आहे. वाढविले नाही, आणि झाकण्याचा मोह पुष्कळ असता झाकलेही नाही. राज्याचे नाव सांगत नाही. राज्य म्हणजे एक कसबा, आणि कसब्यास लागून एक माळ, इतकाच विस्तार.

पूर्वी बंडाचे साली त्या माळावर परक्या साहेबलोकांची कोठी होती, आणि बंडवाल्यांनी तीस एकोणीस दिवस वेढा घातला, परंतु गोड्या पाण्याची एकच विहीर कोठीच्या आत राहिली, आणि वैशाखाचे ऊन, मग वेढा घालणारेच तहानेने माळावर पडले आणि कोंडलेले साहेब वाचले. म्हणोन दरसाल वैशाख शुद्ध दशमीस, जीस तेथे तहानदशमी म्हणतात, कुंभाराने घडविलेले नवे मडके भरोन माळावर न्यावे, शाळेतील वडील शिक्षकाने ते हाती धरोन सर्वांदेखत म्हणावे, "या गावाने तहानेल्यास नाही म्हटले नाही," आणि मग पाणी मातीवर ओतावे, ऐसी चाल आहे. अकरा वर्षे हा मान आगाशेबाईंकडे होता. बाई शाळेत पदार्थविज्ञान शिकवीत, वय बावन्न, घरी एकट्या, बोलणे मोजके, डोळे घारे. मडके येसबा कुंभार घडवी, आणि त्याचे मडके असे की पाण्याने काठोकाठ भरोन सपाट फरशीवर ठेविले तर पाण्याची कड चहूकडे सारखी दिसे. बाई दरसाल वर्गात ते मडके दाखवोन म्हणत, "हा मनुष्य शाळेत चौथीपर्यंत गेला, आणि मध्य काढणे तुम्हांपेक्षा त्यास जास्त कळते."

त्या साली परमुलखातून एक सरदार आले, ज्यांस लोक डायरेक्टर म्हणत, आणि त्यांनी त्याच वेढ्याचा मोठा सिनेमा करण्याचा बेत केला, आणि माळावर प्लायवुडची कोठी उभी राहिली, उंची अठरा हात, मागून पाहता नुसत्या फळ्या आणि खिळे. कोठीत विहीरही केली, ती कागदाच्या लगद्याची, आणि तिच्या पोटात बर्फाची पेटी ठेवोन पाण्याच्या बाटल्या गार करीत, कारण साहेबांच्या तोंडचा रंग उन्हाने वितळतो. बंडवाल्यांसाठी पाण्याचा टँकर सडकेपलीकडे उभा केला, तो माळापासोन चारशे पावले. खरे साहेब नऊच आणले होते आणि कोठी तर भरलेली दिसली पाहिजे, म्हणोन सरदारांच्या मराठी कारभाऱ्यांनी शाळेच्या खिडकीशी एकेकास उजेडात उभे करोन डोळे पाहिले, आणि घारे ते आत, काळे ते बाहेर, ऐसी वाटणी जाहली. आगाशेबाईंस बाहेर उभे राहावयाचे होते. परंतु कारभारी म्हणाले, "मॅडम, हे डोळे तर तिकडचेच." बाईंस बावन्न वर्षांत कोणी डोळ्यांविषयी बोलले नव्हते. बाई आत गेल्या.

येसबाची बायको गजरा फाटकाशी भेटली, डोईस बंडवाल्याचे मुंडासे आणि ओठावर चिकटविलेली मिशी. ती म्हणाली, "बाई, आज तुमी आत आन आमी भायेर. गोळी घालताना वळख ठिवा." बाई हसल्या आणि म्हणाल्या, "तुमची मिशी सुटते आहे, ती आधी सांभाळा."

पहिले सहा दिवस मौजेचे गेले. जो मेला त्यास त्या दिवसापुरते काम नाही, म्हणोन कोणी मरावयास तयार होईना, आणि तोफ उडाली की सारे वाकत आणि पुन्हा उभे राहत, आणि शिंपीआळीचे गणपत तर तीन वेळा तीन मुंडाशांनी मेले. मग कारभारी चिडोन म्हणाले, "मेलेला हलला तर सबंध दिवस वाया जातो. पाठ करा, मेलेला माणूस हलत नाही." हे वाक्य गावाने शपथेसारखे मनावर घेतले. त्या माळावर खरोखरी मेलेल्यांचे वंशज ते. मरण नीट करावे हा त्यांस मान वाटला. येसबा घरी ओसरीवर निजोन श्वास धरण्याचा सराव करी, आणि गजरा त्याच्या नाकाशी कापूस धरोन पाही.

सातवा दिवस वैशाख वद्य चतुर्थीचा. तहानदशमी होऊन नऊच दिवस जाहले होते, आणि ओतलेल्या पाण्याचा डाग तेव्हाच नाहीसा झाला होता. त्या दिवशी शेवटचा देखावा: माळभर बंडवाले मरोन पडलेले, क्षितिजावरोन साहेबांची कुमक येते, फाटक सुरुंगाने उडते, आणि तटावरच्या मडमा रुमाल हालवितात. फाटक एकच होते, म्हणोन देखावा एकदाच होणार. सरदारांनी बाईंस सर्वांपुढे उभे केले आणि दुभाष्याकडोन सांगितले की, आधी मेलेल्यांकडे पाहा, मग कुमकेकडे, मग रुमाल. बाईंच्या अंगी निळा झगा, हाती रेशमी रुमाल, पायाशी अर्धी प्यालेली गार बाटली. दुपारचा एक वाजला होता. मेलेल्यांस सव्वा तास आधीच पाडोन ठेविले होते.

कॅमेरा फिरू लागला आणि बाईंनी खाली पाहिले, तो तटाच्या पायथ्यापासोन पंधरा हातांवर येसबा पडलेला, आणि त्याचे तोंड लाल असोन कोरडे. शेजारच्या सर्व मेलेल्यांच्या कपाळी घाम, याच्या नाही. बाई वीस वर्षे घामाचा धडा शिकवीत होत्या: घाम उडोन जातो म्हणोन अंग निवते, आणि घाम थांबला की आत भट्टी पेटते, मग मिनिटांचा हिशेब. येसबाची छाती भराभर वरखाली होत होती, ओठ हलले, शब्द आला नाही, परंतु आकार पाण्याचाच होता. डोळे उघडे, आणि ते वर, बाईंकडे. बाईंस सारे कळले. कळले नाही असे म्हणावयास जागा नाही. बाईंच्या मनात आले, आता हाक मारावी. मग आले, फाटक एकच आहे. मग आले, इतक्या लोकांचे सात दिवस. आणि सर्वांखाली एक विचार होता जो बाईंनी पुढे वर्षभर कोणास सांगितला नाही, की हा देखावा बिघडला तर हे डोळे कोणी पाहणार नाही. फाटक उडाले. बाईंनी कुमकेकडे पाहिले आणि रुमाल उचलला. तीन मिनिटे आणि चाळीस सेकंद. बाईंस सवय होती म्हणोन त्यांनी मोजले.

"कट" जाहल्यावर सर्वांनी टाळ्या वाजविल्या, आणि सरदार स्वतः तट चढोन आले, बाईंचा हात हाती घेतला, आणि बाई तेवढाही वेळ उभ्या राहिल्या. खाली गजरा उठोन सडकेकडे धावत होती, मिशी अर्धी लोंबत. चारशे पावले जाऊन चारशे येणे.

येसबा आठ दिवस जिल्ह्याच्या दवाखान्यात होता आणि वाचला. पण पुढे उजवा हात चळचळा कापे, आणि चाकावर माती घेतली की मध्य सुटे. वैद्य म्हणाले, उष्म्याने मेंदूतला तोल सांभाळणारा भाग दुखावला. गावात मात्र त्याची कीर्ती वाढली, की मेलेला हलला नाही.

पुढले साली, क्रोधी संवत्सरी चैत्रात, सिनेमा तयार होऊन आला आणि शाळेच्या मोठ्या दालनात काळे पडदे लावोन दुपारी चार वाजता दाखविला. शेवटी पडद्यावर आगाशेबाईंचे तोंड आले, भिंतीएवढे. डोळे खाली गेले, थांबले, भरल्यासारखे जाहले, मग वर गेले, मग रुमाल. लोक हळहळले. गणपत मागोन म्हणाले, "काय दया आली हो मडमेला." येसबा बाईंच्या शेजारी बसला होता. तो म्हणाला, "बाई, तुमी माझ्याकडंच बघत हुता न्हवं? म्या वळखलं. जीव वतला तुमी." बाई म्हणाल्या, "हो." इतकेच बोलल्या. त्यानंतर बाईंनी घरातले आरसे वळवोन भिंतीकडे केले, आणि वर्गात घामाचा धडा आला तेव्हां पान उलटले.

मग वैशाख शुद्ध दशमी आली. मडके दुसऱ्या गावाहून आणावे असे पंचांचे मत पडले, परंतु येसबा ऐकेना. त्याने महिनाभर खपून सत्तावीस मडकी मोडली आणि अठ्ठाविसावे आणिले. ते एका अंगास कलते होते, भरले की पाणी एका काठावरोन सांडे. बाईंनी ते हाती घेतले. गाव भोवती उभे. पाणी बाईंच्या मनगटावरोन कोपरापर्यंत ओघळले, आणि ते वाक्य म्हणावयाची वेळ आली.

बाई म्हणाल्या, "मला हे म्हणता येत नाही."

पंच म्हणाले, "विसरलात की काय, बाई? या गावाने..."

बाई म्हणाल्या, "विसरले नाही. ते मी दरसाल म्हटले आहे. पण मी तहानेल्यास 'नाही' म्हटले आहे. येसबा, मी तुमच्याकडे पाहत होते ते नाटकात नव्हते. तुम्हांला घाम नव्हता. मला कळले होते. पायाशी पाणी होते. मी रुमाल हालविला."

माळावर टिटवी ओरडोन गेली. येसबाने आपल्या हाताकडे पाहिले, जणू तो दुसऱ्या कोणाचा आहे. तो म्हणाला, "आन मी समजत हुतो, ल्हान असताना आज्ज्यानं ह्या माळावरच्या मेल्याल्यांचं सांगितलं तसं निपचित पडायला जमलं." मग थांबोन म्हणाला, "बाई, हाक तर मारायची."

तेव्हां गजरा पुढे आली आणि म्हणाली, "त्यांनाच का बोलता. मी शेजारीच पडले हुते, हातभर. ह्यांचा दम लागल्याला ऐकत हुते. मेल्यालं हलत न्हाई म्हनून मी बी हलले न्हाई." आणि मग शिंपीआळीचे गणपत खाली मान घालोन म्हणाले, "मीही ऐकले." आणि त्यांच्यामागे आणखी कोणी, आणि आणखी कोणी, नावे लिहीत नाही.

बाईंनी मडके ओतले नाही. त्यांनी ते येसबाच्या ओठांशी धरिले, आणि तो प्याला, आणि कलत्या काठावरोन निम्मे त्याच्या सदऱ्यावर सांडले. उरले ते मातीने घेतले.

एवंच, ते साहेब वाचले कसे आणि बंडवाले पडले कसे, हे सिनेमात सर्व जगाने पाहिले, आणि ते बरेच खरे आहे. तहानदशमी अद्याप होते. आगाशेबाई येतात, मागे उभ्या राहतात. मडके कलतेच करितात. ते वाक्य आता कोणी म्हणत नाही. त्याचे ठिकाणी थोडा वेळ सारे गप्प राहतात, सुमारे तीन मिनिटे आणि चाळीस सेकंद, आणि मग घरोघर जातात.