बळवंतकाकांनी केलेली पाच मिनिटांची ओळख

माझा सेमिनार बडोद्याच्या इतिहासात नोंदवला जाईल, असं मी ९६ साली छातीठोकपणे सांगत फिरत होतो! विषयच तसा होता. कागदावर बिंदू काढायचे, ते रेषांनी जोडायचे आणि कुठल्या जोडणीत वेटोळं तयार होत नाही ते सिद्ध करायचं. तीन वर्षांत मी हे एक प्रमेय पोटच्या पोरासारखं वाढवलं होतं.

अडचण एकच होती. आमच्या गणित विभागात सेमिनारला माणसं येत नसत. माझा पहिला सेमिनार चार जणांनी ऐकला, त्यांतले दोघे पंख्याखाली झोपायला आले होते. शेवटी विभागप्रमुखांनी नियमच काढला: हजेरीपत्रकावर पंधरा सह्या नसतील तर सेमिनार धरला जाणार नाही. आणि या खेपेला तो धरला गेला नाही, तर माझी पीएच.डी.ची नोंदणी रद्द! मग बाजव्याच्या कारखान्यात मामांच्या ओळखीने स्टोअरकीपर व्हायचं.

"पंधरा?" बळवंतकाका हसले. "अरे बेटा, मी पन्नास आणतो!"

बळवंतकाका म्हणजे माझे थोरले काका. कारेलीबागेतल्या आमच्या मंडळाची व्याख्यानं गेली वीस वर्षं तेच भरवतात.

"काका, साधा सेमिनार आहे. तासाभराचा."

"असं फंक्शन करू, की तुझं डिपार्टमेंट जोतुं रही जशे, बघतच राहील! मला फक्त पाच मिनिटं दे. वक्त्याची ओळख नको का करून द्यायला?"

पाच मिनिटं! मी दिली. माझ्या गाईड निरुपमाबाई त्या दिवशी परीक्षेच्या कामावर सावली गावाला गेल्या होत्या, नाहीतर त्यांनी पाच सेकंदही दिले नसते.

गुरुवारी तीनला सभागृह खच्चून भरलं. दारात माझ्या धाकट्या चिमणाबाईकाकू हजेरीपत्रक धरून उभ्या होत्या. "आधी सही, पछी नास्तो!" असं प्रत्येकाला बजावत होत्या. साठ सह्या! मी खूश होऊन खांद्यावर फडकं टाकलं आणि प्रोजेक्टरची काच पुसायला लागलो. अंगात दिवाळीत शिवलेला खाकी सफारी होता. मला तो फार रुबाबदार वाटायचा.

तेवढ्यात माझा सेमिनार तपासायला मद्रासहून आलेले परीक्षक आत आले. त्यांना मराठीही येत नव्हतं आणि गुजरातीही. त्यांनी इंग्रजीत विचारलं, "वक्ता कोण?"

काळा कोट घातलेले काका पुढे झाले. "आय! फर्स्ट, आय!"

परीक्षकांनी वही उघडली. काकांनी खडू उचलला.

"चिरंजीव हेरंब कोण, हे कळायला आपल्याला मूळपुरुषापासून सुरुवात करावी लागेल," काका म्हणाले आणि त्यांनी फळ्याच्या टोकाला एक ठसठशीत बिंदू काढला. "हे संस्थानच्या नोकरीत आले. यांना मुलगे तीन!"

तीन रेषा. तीन बिंदू. मग नातवंडं. वीस मिनिटांत फळा बिंदूंनी आणि रेषांनी भरून गेला. परीक्षक भराभरा उतरवून घेत होते!

"भावजी, कमलाआत्या राहिली!" चिमणाबाईकाकू ओरडल्या.

"राहिली नाही, येतेय!" आणखी एक रेषा.

"काका, वेळ..." मी कुजबुजलो.

"गप रे, आता थोरली पाती आली! थोरल्यांना मूलबाळ नव्हतं, म्हणून त्यांनी धाकट्या पातीतला बापू घेतला." आणि काकांनी फळ्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सणसणीत तुटक रेघ ओढली.

परीक्षक ताडकन उभे राहिले. "पण इथे तर वेटोळं झालं!" ते इंग्रजीत म्हणाले.

"दत्तक!" काका गरजले.

"दत्तक?"

"दत्तक! कंप्लीट लीगल!"

सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. परीक्षक खाली बसले आणि त्यांनी त्या शब्दाखाली दोनदा रेघ मारली.

काका माझ्या बिंदूपाशी पोचले तेव्हा चारला तीन मिनिटं होती. त्यातली दोन शाल-नारळात गेली. "आता हेरंब दोन शब्द बोलतील," असं ते म्हणेपर्यंत लोक नाश्त्याकडे धावले होते आणि परीक्षक काकांशी हात मिळवून गाडी पकडायला निघाले होते. मी पारदर्शिका घेऊन त्यांच्यामागे जिन्यावरून धावलो. रिक्षा सुरू होईपर्यंत मी त्यांना माझं प्रमेय सांगत होतो. ते "येस, येस" म्हणत खिशातली सुटी नाणी चाचपत होते. मला वाटलं, संपलं सगळं.

आठवड्याने निरुपमाबाईंनी बोलावलं. त्यांच्या हातात अहवाल होता.

"'नोंदणी चालू ठेवावी,'" त्यांनी वाचलं.

मी खुर्चीत उडालोच!

"थांब, पुढे ऐक. 'उमेदवाराचे वय जरा जास्त वाटले, पण फळ्यावरचा हात पक्का आहे. दत्तक रेषा ही कल्पना सर्वस्वी नवीन असून तिच्यावर प्रबंध व्हावा.'" बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "हेरंब, ही दत्तक रेषा काय भानगड आहे?"

"करतो बाई, प्रबंध करतो," मी घाईघाईने म्हणालो.

"आणि शेवटी तक्रार आहे. 'विभागाचा खाकी कपड्यातला शिपाई आवरावा. पाहुण्यांना जिन्यात अडवून तो गणितातलं काहीबाही बडबडतो, आणि तेही चुकीचं.'"