नानांचा गेरू

नानांच्या घरी लोणच्याच्या बरणीवर, भिंतीवरच्या घड्याळावर, सायकलच्या मडगार्डवर आणि एकदा तर झोपलेल्या पांढऱ्या बोक्यावरसुद्धा गेरूने लिहिलेली तारीख मी पाहिली आहे. बोक्याबद्दल विचारलं तेव्हा नाना म्हणाले, "आज पाणी घालीसन धुयेल शे. लिखं नही तं याद कशी ऱ्हाई?"

नाना तीस वर्षं हिवताप खात्यात होते. पार पिंपळनेरपलीकडच्या पाड्यांपर्यंत पायी जाऊन फवारणी करायची आणि प्रत्येक घराच्या भिंतीवर गेरूने तारीख टाकून सही करायची, हे त्यांचं काम. निवृत्तीच्या दिवशी खात्याने शाल आणि नारळ दिला. गेरूचा डबा नानांनी आपला आपण घरी आणला.

देवपूरच्या आमच्या गल्लीत मग कुणाचं घर सुटलं नाही. नाना सकाळीच येत, "वहिनी, ड्रम उघडा," म्हणत, पाण्यात डासांची पिल्लं शोधत आणि जाताना दाराशेजारी तारीख टाकत. "तारीख नही, तं काम नही!" आमच्या दाराला दिवाळीचा रंग नुकताच दिला होता. बायको आठ दिवस माझ्याशी बोलली नाही, जणू गेरू मीच कालवून दिला होता. माझ्या बहिणीला पाहायला मंडळी आली त्या दिवशीही नाना थेट मोरीत शिरले. ड्रम स्वच्छ होता म्हणून मुलगी पसंत पडली, असं ते आजही सांगतात.

मग सुरतेत प्लेगची साथ आल्याची बातमी आली. अर्धा खानदेश तिथे पोटासाठी गेलेला. गाड्या, बसगाड्या भरभरून माणसं परतली. आमच्या गल्लीच्या टोकाकडे सोपान आला. तिकडे मागावर काम करायचा. सोबत बायको कमल आणि लहान मुलगी. गल्लीने पटापट दारं लावली. मीही नाकाला रुमाल बांधून, त्यांचं घर टाळून लांबच्या रस्त्याने कचेरीत जाऊ लागलो. माझं शौर्य एवढंच.

एकटे नाना रोज त्यांच्याकडे जात. तिघांच्या कपाळाला हात लावत आणि दाराशेजारी लिहीत : "पाहिले. ताप नाही." खाली तारीख, सही. दहा दिवसांत दहा ओळी झाल्या.

इथेच घोळ झाला. साथीच्या धास्तीने आम्ही सगळ्यांनी नानांना आपापल्या दारात यायला मनाई केली होती. त्यामुळे ताज्या गेरूचं दार गल्लीत एकच उरलं. वाचायला थांबतो कोण? गेरूचं दार म्हणजे रोगाचं घर, असंच सगळ्यांनी धरलं. दूधवाल्याने तिथे सायकल थांबवणं बंद केलं. साथ ओसरली, वर्तमानपत्रांची शाईसुद्धा दुसऱ्या बातम्यांकडे वळली, पण सोपानच्या ओट्यावर कुणी टेकेना. कमलने भिंत घासली, तर गेरू पसरून सगळी भिंत लाल झाली. ती नानांना एवढंच म्हणाली, "नाना, तुम्ही चांगलासाठेच लिखं. पन आते लिखू नका."

त्यानंतर तीन दिवस नाना ब्रशशिवाय फिरले. गल्लीला ते आजारीच वाटले.

तेवढ्यात नगरपालिकेचं पत्रक आलं. साथीच्या धास्तीने विस्कटलेल्या गल्ल्यांनी पुन्हा सावरावं म्हणून थोडंथोडं अनुदान मिळणार होतं. काय हवं ते गल्लीने मिळून ठरवायचं. माझं अक्षर बरं, म्हणून अर्ज लिहायचं माझ्या गळ्यात पडलं आणि बैठक आमच्याच ओट्यावर भरली. गणपती मंडळाला लाउडस्पीकर हवा होता. सोपानच्या शेजारच्या वकीलसाहेबांना गल्लीच्या तोंडाशी लोखंडी फाटक हवं होतं, पुढच्या साथीत लोकांना अडवायला. सोपान मागे उभा होता. फाटक कुणासाठी, हे त्याला बरोबर कळलं.

नाना उठले. "चुना," ते म्हणाले. "बठ्ठी, सारी गल्लीले चुना. आन काम झाया म्हणजे भरीत."

"भरीत अनुदानात कसं बसेल?" वकीलसाहेब म्हणाले.

"मंग चुना अनुदानमा, वांगा मन्हा!"

"माझ्या भिंतीला ऑइलपेंट आहे, नाना."

"ऱ्हाऊ द्या. जेन्हं घर चुन्याबिगर ऱ्हाई, तेन्हा दारवर मी रोज तारीख लिखसू."

ठराव एकमताने मंजूर झाला.

चुना आला तो रविवार अजून आठवतो. नानांनी एकच नियम घातला : आपलं घर आपण रंगवायचं नाही, उजवीकडचं रंगवायचं. हिशेब त्यांनी आधीच केला असणार, कारण सोपानची लाल भिंत बरोबर वकीलसाहेबांच्या वाट्याला आली. तीन हात मारले तेव्हा लाली गेली. साहेब घामाघूम होऊन सोपानच्या ओट्यावरच बसले आणि नकळत म्हणाले, "जरा पाणी द्या हो." कमलने तांब्या दिला. गल्लीचे ब्रश थांबले. साहेबांनी पाणी पिऊन तांब्या पुढे केला, "अजून थोडं." मग भरताची वांगी कमलच्याच दारात भाजली गेली आणि तिच्या हातचं वाढून घ्यायला मी सगळ्यांत पुढे होतो. शौर्य उशिरा आलं, पण आलं.

संध्याकाळी ब्रश परत द्यायला नानांकडे गेलो. काकू जाऊन सहा वर्षं झालेली. घरात नाना आणि बोका. सोपानने रंगवलेली त्यांची भिंत ओली होती. एकदम लक्षात आलं, या दारावर मी कधीच तारीख पाहिली नव्हती.

"नाना, बोक्यावर लिहिता, मग दारावर का नाही?"

"आपला घरवर आपणच कसं लिखानं, भाऊ? देखनारा दुसरा लागस."

मला फार लाज वाटली. दहा दिवस हा माणूस सोपानच्या घरात जात होता आणि तुम्हाला ताप आहे का, असं त्याला कुणीही विचारलं नव्हतं. मी तर समोरच राहतो.

मी त्यांच्या कपाळाला हात लावला. मग गेरूचा डबा ओढला आणि दाराशेजारी लिहिलं : "नानांना पाहिले. बरे आहेत." खाली तारीख टाकली. नानांनी चष्मा पुसून ती ओळ दोनदा वाचली.

"भाऊ," ते म्हणाले, "सही राही गयी."

मी सही केली.

दुसऱ्या दिवशी कचेरीला जाण्याआधी मुद्दाम तिकडे डोकावलो. माझ्या ओळीखाली त्या दिवसाची तारीख आधीच पडली होती. शेजारी, वाकड्यातिकड्या अक्षरांत, कमलची सही होती.