तात्यांची पट्टी

तात्यांनी आमची बेल पहिल्यांदा वाजवली ती तक्रार करायला.

"ताई, ही तुमची बेल पेटीच्या काळी चारला लागायची. अर्धा सूर उतरलीय. सेल बदला."

मी सेल बदलले. बेल खरंच जागेवर आली.

तात्या आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहतात. सारा जन्म पारनेर तालुक्यातल्या गावात शेती करण्यात आणि भजनी मंडळात पेटी वाजवण्यात गेला. बायको गेल्यावर मुलानं त्यांना शहरात, सावेडीला आणलं. सोबत पेटी तेवढी आली.

माणसांची नावं त्यांच्या ध्यानात राहत नाहीत. राहते ती प्रत्येकाच्या आवाजाची पेटीवरची पट्टी. "मगाशी पांढरी दोन येऊन गेली," म्हणजे सिलिंडरवाला. "काळी पाच लई तापलीय," म्हणजे सूनबाई. एकदा पाण्याच्या टँकरवरून मीटिंगमध्ये जुंपली, तेव्हा चेअरमनना मध्येच थांबवून म्हणाले, "सायेब, तुमी पट्टी सोडून बोलताय, म्हनून कोनी आयकंना. जरा खाली घ्या." चेअरमन बिचारे खाली आले आणि ठराव पास झाला!

दुपारी मी चहा घेऊन गेले की तात्या पेटी उघडतात. एक पट्टी दाबायची नि डोळे मिटायचे. "हा आमचा बाप. बांधावरनं हाक मारायचा ना, ती ही." मग दुसरी. "हे शाळेतलं मास्तर. जाऊन लई वर्सं झाली. ताई, चेहरा फोटूत ऱ्हातो. आवाज कुठं ऱ्हातो? त्यो आपल्यालाच संबाळावा लागतो."

मी सहज विचारलं, "आणि काकूंची पट्टी कुठली?"

तात्यांनी भाता मिटला.

"तिची मला ठावं न्हाई."

चहाचा कप त्यांनी बाजूला सारला. मग म्हणाले, "नवीन लगीन हुतं. ती धार काढताना गात हुती. मी म्हनलं, बेसूर हाय. हसत म्हनलं हुतं. त्यानंतर माझ्यादेखत कधी गायली न्हाई. मी गोठ्याशी आलो की गप व्हायची."

दिवाळीनंतर त्यांची मेव्हणी इंदूबाई गावाहून आली. तात्यांनी मला हाक मारून बोलावलं. पेटी पुढ्यात होती.

"इंदू, अक्का धार काढताना काय म्हनायची? म्हन की जरा."

"इश्श! दाजी, आता या वयात?"

"म्हन गं."

इंदूबाईंनी पदर सावरला आणि दोन ओळी म्हटल्या. तात्यांनी पट्टी दाबली. "ही?"

"ही माझी झाली. अक्का वरनं गायची. माझा गळा तिथवर पोचतच न्हाई."

तात्यांनी पुढची दाबली. इंदूबाईंनी मान हलवली. त्याच्या पुढची. पुन्हा नाही. तात्यांनी बोट पुढं सरकवलं. आणखी एक दाबली, तशा इंदूबाई एकदम पुढे सरकल्या.

"थांबा दाजी. ही. ही अक्का."

तात्यांचं बोट तिथंच राहिलं.

"बेसूर व्हायची का गं?"

"न्हाई दाजी. लई सरळ लागायची."

भाता तेवढा हलत होता आणि तो एकच सूर खोलीभर राहिला होता. सूनबाई आतून काहीतरी विचारायला आल्या. तात्यांनी मानेनंच त्यांना थांबवलं.

"जरा दम धर," ते म्हणाले. "ती गातीय."